जवारी काढू नका
वाचकांचे प्रश्न : गाणं-बजावणं

मागच्या अंकात ओघात ‘नाइल प्रोजेक्ट’चं नाव आलं होतं. नाईल नदीच्या खोऱ्यातल्या देशांतले गायक-वादक एका मंचावर आणणारा हा उपक्रम. त्यावर इतकी पत्रं आली, की हे सदर सगळं त्यालाच देतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी साउंडवाला. आधी ठाण्या-मुंबईत संगीत नाटकं आणि मैफली केल्या, मग बरीच वर्षं नैरोबीत काढली, आता पुन्हा ठाण्यात. मी गात नाही, वाजवत नाही. दुसऱ्याचं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं एवढंच माझं काम, त्यामुळे उत्तरंही मिक्सरमागच्या खुर्चीतूनच येणार.

प्रश्न : मी हार्मोनियम शिकवतो. नाइल प्रोजेक्टचं ध्वनिमुद्रण ऐकलं. इजिप्तचा ऊद (बोटांनी किंवा नखीने छेडायचं तंतुवाद्य), इथिओपियाचं मासिंको (गजाने वाजवायचं एकतारी वाद्य), युगांडाची तंतुवाद्यं, सगळं एकत्र. पण प्रत्येकाचे सूर वेगळे असणार. मग हे लोक एका सुरात येतात कसे? की नुसती गर्दी करतात?
— एक वाचक, सांगली

सर, ते पूर्णपणे एका सुरात येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणूनच ऐकायला मजा आहे. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

२०११ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहणारे दोघं, मूळचे इजिप्तचे संगीत-अभ्यासक मीना गिर्गिस आणि मूळच्या इथिओपियाच्या गायिका मेक्लित हदेरो, यांच्या डोक्यात ही कल्पना आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथिओपियाने निळ्या नाईलवर मोठ्या धरणाचं काम सुरू केलं होतं आणि इजिप्तची झोप उडाली होती. १९५९च्या कराराने इजिप्तला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर पाणी ठरलं. ज्या इथिओपियाच्या डोंगरातून बहुतेक पाणी येतं, त्याचं त्या करारात नावही नाही. कृष्णेच्या पाण्यावरून भांडणं ऐकत मोठ्या झालेल्या सांगलीकराला याहून जास्त सांगायला नको. खोऱ्यात ११ देश, आणि एका टोकाच्या माणसाने दुसऱ्या टोकाचं गाणं ऐकलेलं नसतं. या दोघांनी गाण्यापासून सुरुवात करायची ठरवली. पहिली मैफल जानेवारी २०१३मध्ये इजिप्तमधल्या अस्वानला झाली आणि ‘अस्वान’ नावाचा अल्बम तिथल्याच लाइव्ह ध्वनिमुद्रणाचा.

आता सुरांकडे येऊ. इथिओपियात चार मुख्य स्वरसमूह आहेत, पाच-पाच स्वरांचे. त्यांना ते किन्यित म्हणतात. तिझिता हा त्यातला सगळ्यांत लाडका. त्याच्या एका रूपाचे स्वर थेट आपल्या भूप रागाचे. बातीच्या एका रूपात धानी सापडतो, तर दुसऱ्यात तिलंगाचा आरोह. अंबासेल लावा, गुणक्रीचे स्वर निघतील. चौथा अंचिहोये, त्याला मात्र आपल्याकडे मला तरी जोडीदार मिळालेला नाही : सा, कोमल रे, शुद्ध म, तीव्र म, शुद्ध ध. पेटीवर वाजवून बघा, बोटं बिचकतात. (स्वर तेच असले तरी राग तोच, असं समजू नका. चलन वेगळं, लगाव वेगळा. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणाच.)

इजिप्तकडे या. तिथे मकाम, म्हणजे साधारण आपल्या रागांसारख्या स्वररचना. मकाम रास्तचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी बसतो. तुमच्या पेटीवर तो नाहीच. युगांडात बुगांडा नावाच्या जुन्या राज्याच्या दरबारातलं अमादिंदा घ्या. लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य, १२ पट्ट्या, वादक तिघे. त्यात सप्तकाचे जवळजवळ सारखे पाच भाग केलेले. म्हणजे त्यांचा दुसरा स्वर आपल्या शुद्ध रे आणि कोमल ग यांच्या मध्ये लोंबकळतो.

अशा लोकांना एका मंचावर बसवायचं, तर दोन वाटा आहेत. पहिली सोपी. सगळ्यांना कीबोर्डच्या सुरात आणा. लाकडी पट्ट्या तासून घ्या, ऊदवाल्याला सांगा की बाबा, तुझा तो मधला गंधार आज नको. मग कोणाचंच काही बिघडत नाही आणि कोणाचंच काही उरत नाही. विमानतळावर वाजतं तसलं संगीत तयार होतं.

दुसरी वाट वेळखाऊ. मी ज्या चांगल्या तालमी पाहिल्या त्यांत पहिला प्रश्न एकच असायचा : इथे कोणाला सूर बदलता येत नाही? लाकडी पट्ट्यांची वाद्यं, लोखंडी जिभांची वाद्यं यांना आयत्या वेळी सूर बदलता येत नाही. तेव्हा त्या गाण्यापुरतं त्यांचं राज्य. तारवाल्यांनी आणि गळेवाल्यांनी त्यांच्याकडे जायचं. पुढच्या गाण्यात ऊदाचा मकाम, तेव्हा पट्टीवाल्याने भांडणारा स्वर सोडून द्यायचा आणि उरलेल्या तीन-चार स्वरांत ताल सांभाळायचा. भांडणारा स्वर कोणीतरी एकट्यानेच घ्यायचा, बाकीच्यांनी त्या वेळी गप्प. ऐकणाऱ्याला वाटतं, काय सुंदर जागा मोकळी सोडलीय! ती जागा तालमीत तासन्‌तास वाद घालून सोडलेली असते.

नाइल प्रोजेक्टने हेच केलं. आधी सगळ्यांनी एका गावी राहायचं, एकमेकांची गाणी शिकायची, एकमेकांच्या भाषेतले शब्द तोंडात बसवायचे, आणि मगच मंचावर जायचं. त्यांच्या मदतीला एक गोष्ट नदीनेच ठेवली होती. लायर नावाचं तंतुवाद्य, म्हणजे खाली भांडं, वर दोन बाहू, त्यांना जोडणारी आडवी दांडी आणि तिला बांधलेल्या तारा. इजिप्तमध्ये ती सिमसिमिया, सुदानात तंबूर, इथिओपियात क्रार, युगांडात एंदोंगो, केनियात लुओ लोकांची न्यातिती. चेहरा एकच आणि बोली वेगवेगळ्या. अशी भावंडं शेजारी बसली की वादकच एकमेकांच्या हातातलं वाद्य मागून घेतात. तिथून पुढे आयोजकांना फार काही करावं लागत नाही.

प्रश्न : मी साउंड इंजिनिअरिंग शिकतोय. झिम्बाब्वेच्या म्बिराचं रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक सुराबरोबर खर्र-खर्र येतं. हे रेकॉर्डिंग खराब आहे की वाद्य?
— एक विद्यार्थी, पुणे

दोन्ही नाही. आणि ही खरखर काढायचं सॉफ्टवेअर तुझ्या लॅपटॉपवर असेल, तर त्याला हात लावू नकोस.

म्बिरा म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी जिभा. शोना लोक पूर्वजांच्या विधींत जी मोठी म्बिरा वाजवतात तिला साधारण २२ ते २८ जिभा असतात, आणि ती दोन अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी एवढ्यांवर वाजते. आवाज मोठा व्हावा म्हणून ती अर्ध्या कापलेल्या मोठ्या भोपळ्यात अडकवतात, त्याला देझे म्हणतात. फळीवर आणि भोपळ्याच्या काठावर पूर्वी शिंपले लावत, आता सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं लावतात. तुला ऐकू येते ती खरखर त्या बुचांची, आणि ती मुद्दाम लावलेली आहेत.

आपल्या तंबोऱ्याला जवारी का लावतात? घोडीवर दोरा सरकवून तार नेमकी घासेल अशी का बसवतात? सूर नुसता उमटून विझू नये, त्याला झणकार यावा म्हणून. तीच गरज, तोच उपाय. पश्चिम आफ्रिकेच्या बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याला खाली भोपळे टांगलेले असतात, त्यांना भोकं पाडून कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पापुद्रा चिकटवायची पद्धत आहे. पट्टी वाजली की पापुद्रा थरथरतो. हल्ली सिगारेटचा कागदही चालतो. एंदोंगोच्या तारा घोरपडीच्या कातड्याला घासून गुणगुणतात. (गोव्याच्या घुमटालाही पूर्वी घोरपडीचंच कातडं असे. कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याचं आलं, आणि जुने घुमटवाले अजून त्यावर कुरकुरतात.) ‘कोरा’ या २१ तारांच्या वाद्याच्या घोडीवर कड्या लावलेला पत्रा बसवायचे. आजकाल पुष्कळ वादक मंचावर जाताना तो काढून ठेवतात, कारण साउंडवाले तक्रार करतात. म्हणजे आमचीच जमात.

नैरोबीत एका मिश्र मैफलीच्या साउंड चेकला माझ्या शेजारच्या पोराने म्बिराच्या चॅनलवर नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज आपोआप बंद करणारी सोय, लावला. वर जिथे बुचं बोलतात, तो तीन-चार किलोहर्ट्‌झचा पट्टाही उतरवला. आवाज एकदम स्वच्छ. वादकाने दोन आवर्तनं वाजवली आणि थांबला. समोरच्या मॉनिटर स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाला, “हे कोण वाजवतंय?”

काय करायचं ते लिहून घे. नुसता चिकटवायचा पिकअप म्बिराला पुरत नाही. जिभेचा टणत्कार येतो, भोपळ्याची पोकळी आणि बुचं येत नाहीत. भोपळ्याच्या तोंडाशी छोटा कंडेन्सर माइक लाव, हातभर लांब नको. पिकअप त्याच्या आधाराला ठेव. शेजारी होशो, म्हणजे बिया भरलेले खुळखुळे असणार. ते भयंकर मोठे वाजतात, त्यांना माइक देऊच नकोस. ड्रम्स असतील तर त्यांना म्बिराच्या माइकच्या पाठीमागे बसव, बाजूला नाही.

न्यातितीला तर एका माणसाला तीन माइक लागतात. वादक जमिनीलगतच्या ठेंगण्या स्टुलावर बसतो. आठ तारा बोटांनी छेडतो, पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं घालून त्याने वाद्याच्या लाकडावर ठेका मारतो, पायाला घुंगरं बांधलेली, आणि वर गातोही. पहिल्यांदा काम करणारा साउंडवाला हमखास पायाला विसरतो. मग तारा सुरेल ऐकू येतात, पण गाणं जागचं हलत नाही.

प्रश्न : मी तबला वाजवतो. घानाच्या इवे लोकांचं वादन ऐकताना समच सापडत नाही. सम असते का त्यांच्याकडे?
— एक वाचक, सोलापूर

आपल्या अर्थाने नसते. आपण समेवर येऊन मान हलवतो, तिथे तसा थांबा नाही. त्याऐवजी लोखंडी घंटा असते, गांकोगुई. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच नक्षी वाजवते, आणि बाकी सगळे तिच्याकडे कान लावून.

हातानेच करून बघा. १ ते १२ मोजा आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर टाळी द्या. झाली घंटा. आता ती चालू ठेवून १, ४, ७, १० वर पाय आपटा. हे नाचणाऱ्यांचे पाय. घंटा त्यातल्या १ आणि १० लाच पायाला भेटते, बाकी चुकवून जाते. जमलं की पाय बदलून १, ३, ५, ७, ९, ११ वर टाका. घंटा तीच, पण सगळं गाणं कूस बदलल्यासारखं वाटेल. बारा आकडे बघून एकताल समजू नका. एकतालाचे विभाग इथे लावलेत तर दुसऱ्या मिनिटाला भांडण.

मिश्र मैफलीत खरी मारामारी इथे होते. मोरोक्कोच्या ग्नावा लोकांची लोखंडी झांज, करकब, घ्या. तिचा ठेका तीन आणि चार यांच्या अधेमधे झुलत असतो. सरळ चारमध्ये वाजवणारा ड्रमर शेजारी बसवला की दोघांपैकी एक ओढला जातो, आणि बहुतेक वेळा ग्नावालाच ओढतात, कारण ड्रमरचा आवाज मोठा. एस्साविरा गावी १९९८पासून ग्नावाचा मोठा महोत्सव होतो, बाहेरचे वादक तिथे मुद्दाम बोलावतात. तिथली ध्वनिमुद्रणं ऐका. पाहुणा आधी बराच वेळ नुसता बसून ऐकतो अशी जी आहेत, ती चांगली.

प्रश्न : आफ्रिकेचं संगीत म्हणजे मुख्यतः ढोलच ना?
— एक वाचक, नागपूर

नाही. पहिली दोन उत्तरं पुन्हा वाचा.

प्रश्न : या मैफलींत वाद्यं वाजवणाऱ्या बायका फार दिसत नाहीत. रूढी आहे का?
— एक वाचिका, नाशिक

आहे, आणि काही ठिकाणी चांगली घट्ट. न्यातिती परंपरेने पुरुषांचीच. गंमत म्हणजे ती वाजवणारी पहिली नावाजलेली स्त्री जपानची : अन्यांगो या नावाने ती ओळखली जाते. रवांडाची इनांगा मांडीवर घेऊन वाजवतात. लाकडाची लांबट कोरीव परात आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा फिरवून ओढलेली एकच तार. सोफी न्झायिसेंगा यांनी ती वडिलांकडून घेतली आणि जगभर नेली. केनियाच्या कसिवा मुटुआ तालवाद्यं वाजवतात, आजीच्या गोष्टींतून ताल अंगात आला असं सांगतात. या दोघीही नाइल प्रोजेक्टमध्ये होत्या.

उलट टोक बुरुंडीचं. तिथल्या राजढोलांचं वादन २०१४मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. अर्धवर्तुळात मोठे ढोल, मधल्या ढोलावर म्होरक्या, वाजवता वाजवता उड्या. अंगावर काटा येतो. आणि २०१७मध्ये सरकारने हुकूम काढून बायकांना तो विधीचा ढोल वाजवायला मनाई केली. मला हे पटत नाही, आणि त्यामुळे त्या ढोलांचा आनंद थोडा कमी झालाय.

प्रश्न : मुलगी-जावई दार-ए-सलामला आहेत. फेब्रुवारीत आम्ही जाणार. झांझिबारचा संगीत महोत्सव साठीच्या माणसांना झेपेल का? पाहावं काय?
— एक वाचिका, डोंबिवली

ताई, खुशाल जा. ‘साउती झा बुसारा’ म्हणजे दर फेब्रुवारीत स्टोन टाउनला होणारा महोत्सव, २००४पासून. २०१६ला पैशांअभावी झाला नाही, तेव्हा तिकिटं काढण्याआधी तारखांची खात्री करून घ्या. मुख्य मंच जुन्या ओमानी किल्ल्यात, उघड्यावर. दार-ए-सलामहून बोटीने दोनेक तासांत पोचता. स्टोन टाउनच्या गल्ल्या अरुंद आणि फरशी खडबडीत, तेव्हा चपला घट्ट घाला. रात्री कार्यक्रम लांबतात, म्हणून संध्याकाळचे आधीचे गट पकडा. बसायला पुढे जागा मिळाली तरी स्पीकरच्या तोंडाशी बसू नका. मिक्सरच्या आसपास बसा. तिथला आवाज सगळ्यांत नीट असतो, कारण आम्ही तो आमच्यासाठी लावलेला असतो.

ताराब चुकवू नका. कानून (मांडीवर घेऊन छेडायचं, पुष्कळ तारांचं वाद्य), ऊद, व्हायोलिन, अकॉर्डियन आणि वर स्वाहिली गाणं. अरबस्तान, आफ्रिका आणि हिंदुस्थान समुद्रावर भेटले त्यातून हे जन्मलं. मिश्रण करायला कोणी आयोजक नव्हता, शंभरेक वर्षांत आपोआप मुरलं. त्याची आद्य गायिका सिती बिंती साद १९२८मध्ये ध्वनिमुद्रणासाठी कुठे आली माहीत आहे? आपल्या मुंबईत. स्वाहिली गाण्याच्या त्या तबकड्या इथे मुंबईत कोरल्या गेल्या आणि बोटीने परत गेल्या. २०१३मध्ये वारलेली बी किदुदे तिचीच गाणी ऐकत, शिकत मोठी झाली.

आणि एक. ताराबमध्ये ऐकणाऱ्या बायका मध्येच उठून नाचत-नाचत गायिकेपर्यंत जातात आणि हातात नोट देतात. दाद म्हणून, आणि कधी गाण्यातला टोमणा शेजारणीला लागावा म्हणूनही. लावणीच्या बारीत दौलतजादा पाहिला असेल तर नवल वाटणार नाही. तुम्हीही जा. सुटे शिलिंग मात्र जवळ ठेवा.

प्रश्न : नैरोबीतल्या एका कार्यक्रमाची जाहिरात मुलाने पाठवली : ‘पाच संस्कृती, एक मंच’. तिकीट महाग आहे. काढावं का?
— एक वाचक, चिंचवड

मुलाला एकच चौकशी करायला सांगा : हे लोक एकत्र तालीम किती करणार? अशा एका कार्यक्रमाला मी साउंड केला होता. पाच गट, प्रत्येकाला वीस मिनिटं, आणि शेवटी आयोजक म्हणाले, “आता सगळे मिळून वाजवा!” सगळे सभ्य माणसं. म्हणून सगळ्यांनी सगळ्यांत सोपा ठेका धरला आणि दहा मिनिटं हसत हसत वाजवला. इनांगा तर कोणाला ऐकूच गेली नाही, मी फेडर टोकाला नेऊनही. तिच्या मागे सहा ढोल होते, काय करणार? टाळ्या खूप पडल्या. पैसे वाया जाणार नाहीत, गट वेगवेगळे ऐकायला मिळतील. पण शेवटच्या ‘जॅम’साठी तिकीट काढायचं असेल तर नको.

प्रश्न : मी मुरूडचा. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले. त्यांच्याबरोबर आलेलं संगीत आपल्याकडे कुठे ऐकायला मिळेल?
— एक वाचक, मुरूड

जंजिऱ्याचं संस्थान १९४८पर्यंत टिकलं, पण ते राज्यकर्त्यांचं घराणं. संगीत टिकलं ते गुजरातच्या सिद्दी फकिरांकडे. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. तिथली ‘धमाल’, म्हणजे त्यांचं गाणं-नाचणं, ऐका. मुगरमान नावाचा पाय असलेला उभा ढोल, आणि मलुंगा : धनुष्य, त्याला एकच तार आणि खाली भोपळा. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत अशी धनुष्यवाद्यं आजही वाजतात. दोन्ही शेजारी ठेवली तर मूळ सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गाण्यांत अधूनमधून स्वाहिली शब्दही उरले आहेत. धमाल रंगात आली की नारळ वर उडवून डोक्यावर फोडतात, तेव्हा पुढच्या रांगेत पांढरे कपडे घालून बसू नका.

दुसरी जागा तुम्हाला भाषेने जवळची. उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूर भागातले सिद्दी घरात कोकणी बोलतात, आणि त्यांच्याकडे डमाम नावाच्या ढोलावरचा नाच आहे. मुरूडहून गाडीने निघालात तर गोव्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पोचाल. रतनपूरला जायचं तर उरुसाच्या दिवसांत जा. एरवी मलुंगा वाजवणारा दर्ग्यावर भेटेलच असं नाही. आणि भेटलाच, तर मोबाइलवर रेकॉर्ड करण्याआधी त्याला विचारा.